सातारा परिसरातील डोंगरी धावमार्ग

सातारा परिसरातील डोंगरी धावमार्ग म्हणजे महाराष्ट्रातील सातारा शहराभोवतीच्या डोंगरांतून, घाटरस्त्यांवरून व नदीखोऱ्यांतून जाणारे आणि धावण्याच्या सरावासाठी किंवा शर्यतींसाठी नियमितपणे वापरले जाणारे मार्ग होत. सातारा–यवतेश्वर–कास हा त्यांपैकी सर्वांत परिचित मार्ग असून, २०१२ मध्ये सुरू झालेल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉन या शर्यतीमुळे तो महाराष्ट्राबाहेरही ओळखला जातो. अजिंक्यताऱ्याची चढण, सज्जनगड व ठोसेघरकडे जाणारा रस्ता, जरंडेश्वरची पायवाट आणि वेण्णा खोऱ्यातील कण्हेरकडचा रस्ता हे या परिसरातील इतर मार्ग होत.

यांपैकी कोणताही मार्ग धावण्यासाठी म्हणून बांधलेला नाही. गावांना जोडणारे रस्ते, देवस्थानांच्या व किल्ल्यांच्या वाटा यांचाच धावपटू वापर करतात. शहराच्या बाजारपेठेपासून अवघ्या काही किलोमीटरांवर पठाराची कडा सुरू होते, हे साताऱ्याचे वैशिष्ट्य आहे. याच जवळिकीमुळे हे मार्ग लोकप्रिय झाले आणि याच जवळिकीमुळे माथ्यावरील नाजूक सड्यांवर माणसांचा व वाहनांचा भारही वाढला. ज्या वर्षी शर्यत सुरू झाली, त्याच वर्षी कास पठाराचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

भौगोलिक पार्श्वभूमी

सातारा शहर अजिंक्यतारा किल्ल्याच्या उत्तर पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटर उंचीवर वसले आहे. सह्याद्रीची मुख्य रांग शहराच्या पश्चिमेस असून तिच्यापासून निघालेल्या डोंगरसोंडा पूर्वेकडे व आग्नेयेकडे उतरत येतात. या सोंडांच्या मधल्या खोऱ्यांतून कृष्णा, वेण्णा, उरमोडी व तारळी या नद्या वाहतात. यवतेश्वर ते कास ही अशीच एक सोंड आहे. तिच्या उत्तरेस मेढा व कण्हेरकडील वेण्णा खोरे, तर दक्षिणेस परळीकडील उरमोडी खोरे आहे. कासच्या पश्चिमेस जमीन एकदम खाली उतरते आणि कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचा फुगवटा दिसू लागतो.

हे डोंगर ज्वालामुखीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तयार झालेले आहेत. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो व मऊ थर झिजून उतार होतो, त्यामुळे डोंगराची बाजू पायऱ्यापायऱ्यांची दिसते. माथ्यावर अनेक ठिकाणी जांभा खडकाचे सपाट आवरण असते. अशा सपाट खडकाळ माथ्याला स्थानिक भाषेत ‘सडा’ म्हणतात. धावमार्गांचा आकारही या रचनेनेच ठरला आहे. शहरातील सौम्य चढ संपला की काही किलोमीटरांची तीव्र घाटचढण लागते, आणि ती संपताच मोकळ्या, वाऱ्याच्या, हलक्या चढ-उतारांच्या माथ्यावर रस्ता येतो. युरोपातील डोंगरी मार्गांप्रमाणे येथे शिखर गाठायचे नसते. येथे कडा ओलांडून पठारावर पोहोचायचे असते.

पावसाच्या प्रमाणात थोड्या अंतरात मोठा फरक पडतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास, सातारा शहरात सुमारे एक हजार मिलिमीटर, तर जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. परिणामी एकाच जिल्ह्यात, एकाच ऑगस्ट महिन्यात, धुक्यात बुडालेला चिखलाचा रस्ता आणि कोरडा उघडा माळ हे दोन्ही धावण्यासाठी उपलब्ध असतात.

पूर्वेतिहास

मोटाररस्ते होण्यापूर्वी या भागातील दळणवळण पायवाटांनीच होत असे. कोकणातून घाटमाथ्यावर येणाऱ्या वाटांनी मालवाहू बैल, यात्रेकरू व सैनिक ये-जा करीत. मराठा राजवटीत पत्रे व बातम्या पोहोचवण्याचे काम जासूद व काशीद करीत. त्यांतील बहुतेक पायीच जात. इंग्रजी अमलात टपालाची थैली घेऊन टप्प्याटप्प्याने धावणारे हरकारे आले. महाराष्ट्राच्या डोंगराळ मुलखात धावणे हे अशा प्रकारे मुळात पोटापाण्याचे व कर्तव्याचे काम होते. छंद म्हणून ते फार अलीकडचे आहे.

शिवकाळातील एक प्रवास आजही अनेक जण प्रत्यक्ष चालून वा धावून अनुभवतात. जुलै १६६० मध्ये छत्रपती शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून रात्री पावसात पन्हाळ्यावरून निघून विशाळगडाला पोहोचले. वाटेतील घोडखिंड बाजीप्रभू देशपांडे यांनी रोखून धरली. ती पुढे पावनखिंड म्हणून प्रसिद्ध झाली. दरवर्षी जुलैमध्ये अनेक मंडळी ही वाट पायी पार करतात. ही वाट कोल्हापूर जिल्ह्यातील आहे, परंतु पावसाळ्यातच डोंगरवाट तुडवण्याची जी प्रथा साताऱ्यातही दिसते, तिच्यामागे या स्मरणयात्रेचा वाटा आहे असे मानण्यास हरकत नाही.

कासहून महाबळेश्वरच्या दिशेने डोंगरमाथ्यावरून जाणारी जुनी वाट ‘राजमार्ग’ या नावाने ओळखली जाते. सोंडेचा माथा न सोडता जाणारी ही वाट घाट चढण्या-उतरण्याचे श्रम वाचवीत असे.

सातारा–यवतेश्वर–कास मार्ग

हा मार्ग शहरातील पोवई नाक्यापासून पश्चिमेकडे, समर्थ मंदिर भागातून जातो. समर्थ मंदिराच्या पुढे रस्त्यास दोन दिशा फुटतात. एक फाटा बोगद्यातून सज्जनगडाकडे व दुसरा यवतेश्वर घाटाकडे जातो. येथपर्यंतचा शहरी टप्पाही सपाट नाही. सातारा शहर डोंगरउतारावर वसलेले असल्याने पोवई नाक्यापासून समर्थ मंदिरापर्यंत रस्ता सतत चढत जातो. नवख्या धावपटूंना हा चढ जाणवत नाही, आणि घाट सुरू होण्यापूर्वीच त्यांची दमछाक होते.

घाटात रस्ता वळणे घेत अजिंक्यताऱ्याच्या पश्चिमेकडील डोंगराच्या अंगाने वर चढतो. एका बाजूस डोंगराची कातळभिंत व दुसऱ्या बाजूस दरी असते. उजाडताना येथून खाली शहर, समोर अजिंक्यतारा आणि पूर्वेस दूरवर जरंडेश्वरचा डोंगर दिसतो. घाटमाथ्यावर यवतेश्वर हे गाव व त्याच नावाचे शंकराचे प्राचीन मंदिर आहे. बहुसंख्य स्थानिक धावपटूंचा रोजचा पल्ला येथपर्यंतच असतो. पहाटे शहरातून निघून यवतेश्वरला दर्शन घेऊन कामाच्या वेळेआधी परतणे ही अनेकांची पिढीजात सवय आहे. ‘धावपटू’ हा शब्द स्वतःला न लावणारी, चालत-पळत घाट चढणारी वयस्कर माणसे या रस्त्यावर शर्यत सुरू होण्याच्या पुष्कळ आधीपासून आहेत.

यवतेश्वरच्या पुढे रस्ता पठारावरून सांबरवाडी, पेट्री या वस्त्यांच्या बाजूने पश्चिमेकडे जातो. चढ सौम्य असला तरी चालूच राहतो. वारा समोरून येतो. शहरापासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर, १,२०० मीटरच्या आसपासच्या उंचीवर कास पठार लागते. शहर ते पठार अशी एकूण चढाई साडेचारशे ते पाचशे मीटर भरते. मात्र तिचा मोठा भाग पहिल्या सात-आठ किलोमीटरांतच असतो.

पठाराच्या पलीकडे कास तलाव आहे. हा जुना तलाव सातारा शहराच्या पाणीपुरवठ्याचा स्रोत असून शहरापेक्षा उंचावर असल्याने त्याचे पाणी उपसा न करता, केवळ उताराने शहरात आणता येते. पूर्वी हे पाणी डोंगराच्या कडेने काढलेल्या उघड्या पाटाने येत असे. धावपटू ज्या उताराशी झुंजतो, त्याच उताराने शहराची तहान भागते. अलीकडच्या काळात तलावाच्या बांधाची उंची वाढवून साठा वाढवण्यात आला आहे. तलावाच्या पुढे रस्ता बामणोलीकडे उतरतो. शिवसागराच्या काठापर्यंतचा हा उतार लांब असून परतीची चढण कठीण असल्याने हा टप्पा अतिदीर्घ पल्ल्याची तयारी करणारेच निवडतात. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन व पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांदरम्यान १९२१ पासून भरणारी, सुमारे ९० किलोमीटरांची कॉम्रेड्स मॅरेथॉन चढ-उतारांसाठी प्रसिद्ध आहे. तिच्यासारख्या शर्यतींच्या सरावासाठी महाराष्ट्राच्या सपाट भागांतील धावपटूही मुद्दाम या रस्त्यावर येतात.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन

सातारा रनर्स फाउंडेशन ही संस्था ही शर्यत भरवते. पहिली शर्यत २०१२ मध्ये झाली. साधारणतः ऑगस्ट किंवा सप्टेंबर महिन्यातील एका रविवारी ती होते. अंतर अर्धमॅरेथॉनचे, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर असते. धावपटू पोलीस कवायत मैदानाजवळून निघून शहरातून यवतेश्वर घाट चढतात, माथ्यावर सुमारे साडेदहा किलोमीटरवर वळतात आणि त्याच रस्त्याने खाली परततात. २०१५ मध्ये एकाच डोंगरावरील शर्यतीत सर्वाधिक, म्हणजे २,६१८ धावपटूंच्या सहभागाचा विक्रम या शर्यतीच्या नावे गिनीज बुकात नोंदवला गेला. त्यानंतर सहभाग वाढत गेला आणि नावनोंदणी सुरू होताच जागा भरू लागल्या.

आरंभ व शेवट एकाच ठिकाणी असल्याने एकूण चढाई व एकूण उतार सारखाच असतो. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नियमानुसार रस्त्यावरील विक्रम ग्राह्य धरण्यासाठी आरंभ आणि शेवट यांच्या उंचीतील घट दर किलोमीटरला सरासरी एका मीटरपेक्षा अधिक असू नये, तसेच त्या दोन बिंदूंमधील सरळ अंतर शर्यतीच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त नसावे, असा दंडक आहे. जाऊन-येऊन असलेला मार्ग हा दंडक पाळतो. परंतु चढाईत गमावलेला वेळ उतारावर पूर्णपणे भरून निघत नसल्याने सपाट शहरांतील अर्धमॅरेथॉनच्या वेळांशी येथील वेळांची तुलना करणे योग्य ठरत नाही. मुंबईच्या रस्त्यावर दोन तासांत अंतर संपवणाऱ्यास येथे बराच अधिक वेळ लागतो.

चढापेक्षा उतार शरीरास जास्त त्रासदायक ठरतो. उतारावर दर पावलागणिक शरीराचा वेग आवरण्यासाठी मांडीच्या पुढच्या स्नायूंना लांबत असतानाच ताण धरावा लागतो. त्यामुळे स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते आणि त्याचे दुखणे त्याच दिवशी न जाणवता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते. या शर्यतीत दहा किलोमीटर चढल्यावर लगेच तोच घाट उतरावा लागतो, आणि शेवटचे काही किलोमीटर शहरातील डांबरी उतारावर असतात. अनुभवी मार्गदर्शक म्हणूनच चढाईइतकाच उतरण्याचा सराव करण्यास सांगतात. पावले आखूड ठेवणे, टाचेवर आदळत न उतरणे आणि पहिल्या अर्ध्या किलोमीटरमध्ये मोह आवरणे हे त्यातील मुख्य नियम आहेत.

शर्यतीच्या दिवशी सातारकर पहाटेपासून रस्त्याच्या दुतर्फा उभे असतात. ढोल-ताशे, लेझीम, शाळांची पथके, घराच्या ओट्यावरून पाणी देणारी माणसे, असे तिला गावजत्रेचे रूप आले आहे. शहरातील लॉज व हॉटेले आदल्या रात्री भरून जातात. दुसऱ्या बाजूने, काही तास शहरातील प्रमुख रस्ते व घाट वाहतुकीस बंद ठेवावा लागतो. घाटमाथ्यावरील गावांना शहरात येण्याचा हाच मुख्य मार्ग असल्याने दूध, रुग्ण व प्रवासी यांच्यासाठी वेळेचे नियोजन आधी करावे लागते. शर्यतीचा काळ आणि कासच्या फुलांचा हंगाम जवळजवळ एकच असल्याने हा ताण अधिक वाढतो.

मार्गाविषयी एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. शर्यत कासपर्यंत जात नाही. तिचा वळणबिंदू कासच्या निम्म्या अंतराच्याही अलीकडे आहे. अर्धमॅरेथॉनच्या ठरावीक अंतरामुळे हे आपोआप घडले असले, तरी हजारो माणसांची गर्दी संवेदनशील पठारापासून दूर राहण्यास ते कारणीभूत ठरले आहे.

इतर मार्ग

अजिंक्यतारा. सुमारे एक हजार मीटर उंचीच्या या किल्ल्यावर वाहनांचा रस्ता जातो. अंतर थोडे व चढ तीव्र असल्याने वेगाने चढून सावकाश उतरण्याच्या आवर्तनांसाठी तो वापरला जातो. किल्ल्याच्या तटाला धरून फेरीही मारता येते, मात्र पावसाळ्यात तेथील दगड शेवाळाने निसरडे होतात.

सज्जनगड–ठोसेघर. बोगद्यातून बाहेर पडणारा हा रस्ता उरमोडी खोऱ्याच्या बाजूने जातो. साताऱ्यापासून सुमारे १५ किलोमीटरवर सज्जनगड असून तेथे समर्थ रामदासांची समाधी आहे. गडाच्या शेवटच्या टप्प्यात पायऱ्या आहेत. त्या देवस्थानाच्या वाटेवरील असल्याने तेथे धावण्यापेक्षा चालणेच शिष्टसंमत आहे. पुढे ठोसेघरचा धबधबा व त्यानंतर चाळकेवाडीचे पवनचक्क्यांचे पठार लागते. पवनचक्क्यांसाठी काढलेले कच्चे रस्ते धावण्यास सोयीचे आहेत, परंतु हेही सडेच आहेत.

जरंडेश्वर. शहराच्या पूर्वेस, कोरेगावच्या दिशेने असलेल्या या डोंगरावर मारुतीचे मंदिर आहे. येथील वाट पायवाटेची असून शनिवारी भाविकांची गर्दी असते. डांबरी घाटापेक्षा ही चढण तीव्र आहे.

वेण्णा खोरे. कण्हेर धरणाकडे व मेढ्याकडे जाणारा रस्ता तुलनेने सपाट असून दुखापतीनंतर पुन्हा सुरुवात करणारे किंवा अंतर वाढवू पाहणारे तो पसंत करतात.

माणदेशाचा वारसा

सातारा जिल्ह्याने देशाला दिलेली सर्वांत मोठी धावपटू घाटावरची नसून पर्जन्यछायेतील माळावरची आहे. ललिता बाबर (जन्म १९८९) या माण तालुक्यातील मोही या गावच्या. लांब पल्ल्याच्या शर्यतींपासून सुरुवात करून त्या ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळल्या. २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्यपदक, २०१५ च्या वुहान आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०१६ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम नोंदवून त्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि दहाव्या आल्या. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी गाठलेल्या अंतिम फेरीनंतर ऑलिंपिकमधील धावण्याच्या वैयक्तिक मैदानी शर्यतीची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता राऊत यांचे उदाहरणही याच जातीचे आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य व त्याच वर्षीच्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या राऊत ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ या नावाने ओळखल्या जातात. या दोघींच्या वाटचालीत संघटित डोंगरी शर्यतींचा भाग नव्हता. शर्यतींचे बहुसंख्य सहभागी शहरांतील नोकरदार व व्यावसायिक असतात, तर ग्रामीण भागातील मुले-मुली शाळा, क्रीडा शिक्षक व भरतीची तयारी या मार्गाने धावण्याकडे येतात. पहाटे साताऱ्याभोवतीच्या रस्त्यांवर हे दोन्ही गट एकत्र दिसतात. त्यांचे बूट पाहिले तरी फरक कळतो. सैन्याची व पोलिसांची भरती हे जिल्ह्यातील तरुणांच्या सरावाचे फार मोठे कारण आहे, आणि त्यांच्यासाठी १,६०० मीटरची वेळ घाटापेक्षा महत्त्वाची असते.

कास पठार आणि धावपटू

कास पठाराचे राखीव वनक्षेत्र जुलै २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत समाविष्ट झाले. महाराष्ट्रातील कोयना, चांदोली व राधानगरी ही क्षेत्रेही त्याच वेळी या यादीत आली. सुमारे दहा चौरस किलोमीटरांच्या कास पठारावर सपुष्प वनस्पतींच्या सुमारे साडेआठशे जाती नोंदवल्या गेल्या आहेत.

सड्यावरील माती काही सेंटिमीटर जाडीची असते आणि अनेक ठिकाणी नुसता कातळच असतो. पावसाळ्यात त्यावर उथळ डबकी साचतात आणि पाणी निचरण्यास वाव नसतो. पोषक द्रव्यांची टंचाई असल्याने येथे दवबिंदू व सीतेची आसवे यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती वाढतात. गेंद, तेरडा, कवला, नभाळी, टोपली कारवी ही हंगामी फुले गालिच्यासारखी पसरतात. टोपली कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच मोठ्या प्रमाणावर फुलते. सातारी वायतुरा ही पाणवनस्पती तर साताऱ्याच्या नावानेच ओळखली जाते. यांतील बहुतेक वनस्पतींचे सारे आयुष्य जून ते ऑक्टोबर या चार-पाच महिन्यांत आटोपते. पायाखाली एखादे झाड चिरडले तर त्या वर्षीचे बी जाते. त्याच जागी पुन्हा पुन्हा पावले पडली तर मातीचा पातळ थर सुटून कातळ उघडा पडतो, आणि तो थर पुन्हा तयार होण्यास माणसाच्या आयुष्याहून अधिक काळ लागतो. बूटांच्या तळाला चिकटून येणारे तणांचे बी हा आणखी एक धोका आहे.

धावपटूचा पाय रस्त्यावर असतो तोवर त्याचा पठारावरील परिणाम नगण्य असतो. एका मोटारीइतकाही नसतो. अडचण रस्ता सोडण्याची आहे. परदेशांत डोंगरी धावण्याच्या ज्या शाखा विकसित झाल्या, त्यांत मोकळ्या उतारावर स्वतःची वाट काढणे कौशल्याचे मानले जाते. उत्तर इंग्लंडमधील फेल रनिंग हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तेथील बॉब ग्रॅहम फेरीत २४ तासांत ४२ शिखरे गाठायची असतात. ही पद्धत कासच्या सड्यावर जशीच्या तशी आणता येत नाही. गवताळ उतार पावलांचा मारा काही अंशी सोसतो. जांभ्यावरची चार बोटे माती सोसत नाही.

पठाराचे व्यवस्थापन वन विभाग व परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत होते. कास, एकीव, आटाळी व कासाणी ही गावे या समितीशी सुरुवातीपासून निगडित आहेत. हंगामात प्रवेश शुल्क आकारले जाते, दैनंदिन पर्यटकांची संख्या मर्यादित ठेवली जाते आणि फुलांच्या भागात आखलेल्या वाटांवरूनच फिरू दिले जाते. शुल्कातून स्थानिक तरुणांना मार्गदर्शक व रक्षक म्हणून रोजगार मिळतो. पठारास घातलेले कुंपण बराच काळ वादाचा विषय होते. कुंपणामुळे तुडवणे थांबले, परंतु गुरांचे चरणे व वन्य प्राण्यांचा वावर थांबल्याने गवत माजून फुले कमी झाली, असे काही अभ्यासकांचे व ग्रामस्थांचे म्हणणे होते. पुढे हे कुंपण काढण्यात आले.

रस्त्यालगतचा बदल मात्र अधिक दृश्य आहे. यवतेश्वर ते कास या टप्प्यात हॉटेले व विश्रामगृहे वाढली असून त्यांतील अनेक बांधकामांच्या परवानग्यांवरून वाद झाले आहेत. धावण्याच्या प्रसिद्धीने या वाढीस किती हातभार लावला हे वेगळे काढता येत नाही; पर्यटनाचा मुख्य ओघ फुलांमुळेच आहे.

धोके व खबरदारी

पावसाळ्यात यवतेश्वर घाटात दरडी कोसळतात व रस्त्याचा काही भाग खचण्याचे प्रकार घडतात. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली होती. त्यामुळे मुसळधार पावसाच्या दिवसांत प्रशासनाचे इशारे असताना कातळभिंतीखालून धावणे टाळले जाते. माथ्यावर धुके दाटले की काही मीटरांपलीकडचे दिसत नाही. वाहनचालकास धावपटू दिसावा म्हणून उजळ रंगाचे कपडे व चमकते पट्टे वापरतात आणि समोरून येणारे वाहन दिसावे म्हणून रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. आंधळ्या वळणावर मात्र दरीकडची बाजू टाळावी लागते.

कास, बामणोली व कोयनेच्या बाजूस गवा, अस्वल व बिबट्या यांचा वावर आहे. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. अंधारात, एकट्याने, कानांत गाणी लावून या टप्प्यात धावू नये असा स्थानिकांचा सल्ला असतो. गवा दिसल्यास थांबून त्याला वाट द्यावी. अस्वलाशी गाठ पडण्याचा धोका पहाटे व तिन्हीसांजेला अधिक असतो. प्रत्यक्षात बहुतेक धावपटूंना त्रास होतो तो वाडीवस्तीवरील कुत्र्यांचा.

उन्हाळ्यात, एप्रिल-मे मध्ये, घाटात सावली फारच थोडी असते आणि यवतेश्वरपुढे पिण्याच्या पाण्याची सोय दुकाने उघडल्याशिवाय होत नाही. हिवाळ्यात पहाटे माथ्यावर थंड वारा असतो व घामाने ओले झालेले अंग उतरताना गारठते. गवत वाळल्यावर वणवे लागतात. जळालेल्या टापूतून जाताना धुराने श्वास कोंडतो. मार्ग धावण्यास सर्वांत सुखाचा काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतचा असतो, त्या वेळी फुले संपलेली असतात आणि रस्ताही बराच मोकळा असतो.

सह्याद्रीतील अन्य मार्ग

सिंहगड, राजगड व तोरणा या पुणे जिल्ह्यातील तीन किल्ल्यांना जोडणारी वाट गिर्यारोहकांत दीर्घकाळ प्रचलित असून, तिच्यावर ‘एसआरटी अल्ट्रा’ ही पायवाटांवरील अतिदीर्घ शर्यत भरते. ती डांबरी घाटावरील शर्यतींपेक्षा वेगळ्या प्रकारची आहे, कारण तिच्यात अंतरापेक्षा चढाई व वाटेची अवघडता निर्णायक ठरते. लोणावळा, महाबळेश्वर–पाचगणी व त्र्यंबकेश्वर येथील घाटरस्तेही सरावासाठी वापरले जातात. माथेरानमध्ये मोटारवाहनांना बंदी असल्याने तेथील लाल मातीच्या वाटा धावपटूंना वाहनांच्या भीतीशिवाय उपलब्ध आहेत. विदर्भात मेळघाटातील सुमारे १,१०० मीटर उंचीचे चिखलदरा हे या प्रकारचे प्रमुख ठिकाण होय. तेथे जाणारे रस्ते व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातून जात असल्याने धावण्याच्या वेळा व जागा वन विभागाच्या नियमांनुसार ठरतात.